तुमचा स्टार्टर सारखा ट्रिप होतो!

"सामंत, तुम्हांला खोटं बोलता येतं का?"

बर्वेसाहेबांनी केबिनमध्ये बोलावून हा प्रश्न विचारला, तेव्हा मी टेस्टिंग रूममधून तेलकट हात पुसत आलो होतो. म्हटलं, "नाही, साहेब."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. उत्तर खरं असेल तर माणूस बिनकामाचा. खोटं असेल तर कामाचा, पण मग त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा, असा काहीसा पेच त्यांना पडला असावा. शेवटी म्हणाले, "जमेल. अंधेरीवाल्यांचा स्टार्टर आपल्यापेक्षा जास्त का खपतो, ते शोधून काढायचं. टेस्टिंग दुसरं कोणी बघेल."

आज या कामाला मोठी नावं आहेत. माझा नातू टाय लावून हेच करतो आणि त्याबद्दल त्याला वातानुकूलित खोली मिळते. पन्नासच्या दशकात या कामाचं नाव होतं "जरा बघून या." टाय साहेबांकडे होता. विलायतेतल्या कारखान्यात उमेदवारी करून येताना त्यांनी दोन गोष्टी आणल्या होत्या, टाय आणि नियम. टाय ते उन्हाळ्यात काढून ठेवत.

आमचा कारखाना घाटकोपरला आग्रा रोडला लागून होता. पत्र्याची लांब शेड, मागे चिंचेचं झाड, आणि शेडमध्ये मोटरचे स्टार्टर बनवणारी आम्ही मंडळी. स्टार्टर म्हणजे काय, हे मला आयुष्यभर लोकांना समजावून सांगावं लागलं. सासऱ्यांना लग्नाआधी सांगितलं होतं, लग्नानंतरही त्यांना वाटत होतं मी मोटारगाड्या दुरुस्त करतो. म्हणून इथेही एकदा सांगून टाकतो.

पिठाची गिरणी, विहिरीचा पंप, खडी फोडायचं यंत्र, यांना विजेची मोटर लागते. ती चालू-बंद करायचा जो भिंतीवर ठोकलेला लोखंडी पेटारा, तो स्टार्टर. हिरवं बटण, तांबडं बटण. एवढंच असतं तर आमची गरज नव्हती. पण मोटर ही बैलासारखी असते. गाडीत किती भरलंय हे ती विचारत नाही. ओढत राहते, ओढता ओढता तापते आणि आतली तांब्याची तार जळून मरते. ती मरायच्या आधी वीज तोडायची, हे स्टार्टरचं खरं काम. आत दोन निरनिराळ्या धातूंची एकमेकांना चिकटवलेली पट्टी असते. वीज जास्त ओढली गेली की पट्टी तापते, तापली की वाकते, वाकली की एक खटका सुटतो आणि मोटर बंद. याला ट्रिप होणं म्हणतात. दुसरं काम असं, की वीज गेली तर स्टार्टर आपणहून सुटतो, आणि वीज परत आली तरी कोणी हिरवं बटण दाबेपर्यंत यंत्र हलत नाही. तेवढ्यात यंत्रात कोणाचा हात असला, तर तो हात त्याच्यापाशीच राहतो.

आता धंद्यातली मेख बघा. चांगला स्टार्टर आपलं काम करतो, तेव्हा गिऱ्हाइकाचं काम बंद पडतं.

अंधेरीवाल्यांचा माल हातात आल्याशिवाय काही कळणार नव्हतं, आणि प्रतिस्पर्ध्याला माल विकतो कोण? कुर्ल्याला पोपटभाई नावाचा एक दुकानदार दोन्ही कंपन्यांचा माल ठेवायचा. तो मला ओळखत होता. पण पोपटभाई गावाला गेला आहे आणि गल्ल्यावर त्याचा मेहुणा बसतो, असं कानावर आलं आणि मी निघालो. कमरेला धोतर, डोक्याला टोपी. मी भांडुपचा पिठाच्या गिरणीचा मालक.

दुकानात माझ्याआधी एक गृहस्थ आलेले होते. काळसर, उंच, खिशाला पेन. ते आमच्या कंपनीचा स्टार्टर मांडीवर मूल घ्यावं तसा घेऊन बसले होते. मला आनंद झाला. म्हटलं, "घेताय वाटतं?"

"विचार आहे," ते म्हणाले. "माझा सोडावॉटरचा कारखाना आहे. विलेपार्ल्याला. आपला?"

"गिरणी. भांडुपला."

"वा! गहू जास्त की ज्वारी?"

"दोन्ही," मी म्हणालो. "सोड्याला यंदा मागणी कशी आहे?"

"उन्हाळ्यात बरी असते."

मग आम्ही दोघे आपापल्या धंद्याच्या अडचणी सांगू लागलो. मी जात्याच्या दगडांना टाकी लावणारे कारागीर मिळत नाहीत म्हणून हळहळलो. त्यांनी बाटल्यांतल्या गोट्यांबद्दल तक्रार केली. नोकर किती बेइमान झाले आहेत यावर आमचं संपूर्ण एकमत झालं. मेहुणा तोंड वासून ऐकत होता.

तेवढ्यात पोपटभाई आला. तो गावाला गेलाच नव्हता, दाढ काढायला गेला होता. एक गाल सुजलेला, तोंडात कापूस. आम्हांला बघून तो उंबऱ्यातच थांबला.

"अरे सामंत! अरे नार्वेकर!" कापसातून तो म्हणाला. "दोघं एकत्र? कंपन्या एक झाल्या काय?"

नार्वेकर म्हणजे अंधेरीवाल्यांचा माणूस. जे काम मी करत होतो, तेच तो त्यांच्यासाठी करत होता. आम्ही एकमेकांकडे बघितलं. आधी कान तापले, मग हसू फुटलं, आणि मग दुकानाबाहेरच्या बाकड्यावर चहा आला.

"गाव खंयचा?" नार्वेकराने विचारलं.

"मालवण."

"मगे आधी कित्या नाय सांगलंस रे? मी कुडाळचो! खोटाच बोलूचा होता तर मालवणीत तरी बोललो असतंव."

मैत्री व्हायला एवढं पुरे झालं. मी त्याला सरळ विचारलं, "तुमचा माल आमच्यापेक्षा दुप्पट खपतो. तू आमचा स्टार्टर मांडीवर घेऊन काय बघत होतास?"

त्याने बशीत चहा ओतला. "आमचे साहेब झोपणत नाय," तो म्हणाला. "मोटरी जळतत. मोटर विकणारे येवन आमच्या दारात बोंबलतत, तुमचो स्टार्टर ट्रिपच होणा नाय म्हणून. तुमचो मात्र ट्रिप होता. तो कसो होता, ता बघून ये म्हणून माका धाडल्यानी."

मी चहा तसाच ठेवला. "आमची तक्रार उलटी आहे. गिऱ्हाईक म्हणतं, तुमचा स्टार्टर सारखा ट्रिप होतो."

मग दोघांनी पोपटभाईकडून एकेक स्टार्टर विकत घेतला, मी त्यांचा, त्याने आमचा, आणि एकमेकांना नमस्कार करून दोन दिशांना गेलो. पोपटभाईच्या दुकानात त्या आठवड्यात तेवढीच विक्री झाली असं तो पुढे सांगायचा.

टेस्टिंग रूममध्ये मी अंधेरीचा पेटारा उघडला. माझी अपेक्षा होती की आत काहीतरी अडाणी काम दिसेल. छे! पट्टी उत्तम, खटका उत्तम, रंगसुद्धा आमच्यापेक्षा सफाईदार. फरक फक्त एका चकतीचा होता. किती वीज ओढली गेली की ट्रिप व्हायचं, हे ठरवणारी एक आकडे घातलेली चकती दोघांच्याही स्टार्टरमध्ये होती. आम्ही ती मोटरच्या ताकदीप्रमाणे कारखान्यातच लावत होतो आणि वर शिशाचं सील ठोकत होतो. अंधेरीवाले ती मोकळी सोडत होते. स्क्रूड्रायव्हर ज्याच्या हातात, चकती त्याच्या ताब्यात. स्क्रूड्रायव्हर गल्लीतल्या वायरमनच्या हातात होता, आणि त्याला एकच दिशा माहीत होती, आकडा वाढवायची.

तरी साहेब म्हणाले, "वापरणाऱ्यांकडे जाऊन या. टेबलावरचं सत्य अर्धं असतं."

पहिल्या म्हात्रेकाकू. मालाडला तळ्याच्या बाजूला त्यांची गिरणी. नवरा गेल्यावर दिरांनी गिरणी विकायला सांगितली, तेव्हा त्यांनी दिरांनाच बाहेरचा रस्ता दाखवला होता. पदर खोचलेला, भुवयांवर पीठ, आवाज मोटरच्या वर. त्यांनी आमचा स्टार्टर काढून अंधेरीचा बसवला होता, आणि आमचा गिरणीच्या दाराला पाऊस-वाऱ्यात अडकण म्हणून लावला होता.

"कोण तू? त्या पेटाऱ्याचा माणूस?" त्या म्हणाल्या. "ये, बस. शिव्या खायला आलास तर बसूनच खा."

"काकू, काय झालं ते सांगा."

"काय सांगू? गिऱ्हाईक डबे घेऊन उभं. घरी पाव्हणे, चुलीवर तवा तापलेला. आणि तुझा पेटारा खट्ट करून रुसून बसतो. बटण दाबते, ऐकत नाही. थंड होईस्तोवर बोलायचं नाही! अरे, सून अशी वागली असती तर माहेरी धाडली असती."

"आणि हा अंधेरीचा?"

"हा गरीब आहे. मिरची दळा, ओले गहू दळा, काय पण टाका. तोंडातून शब्द काढत नाही."

मी मोटरला हात लावला आणि पटकन मागे घेतला. "काकू, मोटर फार तापलीय."

"काम करते म्हणून तापते," काकू म्हणाल्या. "मी नाही तापत?"



दुसरे करमशीशेठ. मुलुंडच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी त्यांची दगडखाण होती. ते आमचे लाडके गिऱ्हाईक, कारण सगळ्या उपनगरांत आमच्या स्टार्टरची तारीफ करणारे तेवढेच एक. मी गेलो तेव्हा वीज गेलेली होती. क्रशर थांबला होता, गडी सावलीला बसले होते. शेठनी माझ्यासाठी खाट टाकायला लावली.

"तुमचा स्टार्टर एकदम फस्क्लास!" ते म्हणाले. "लोक बोलते, ट्रिप होते, ट्रिप होते. माझा एक दिवस पण ट्रिप नाय झाला. मी आणखी तीन घेणार. साहेबला सांगा."

मला गहिवरून आलं. मग वाटलं, खडीच्या क्रशरवर आमचा स्टार्टर एकदाही ट्रिप होत नाही? दगड अडकला की मोटर जाम होणारच. वीज नव्हतीच, म्हणून मी सहज झाकण काढून बघितलं. आत, ज्या भागाने सुटायचं, त्याच्याखाली कोणीतरी लाकडाची पाचर ठोकून बसवली होती. बाभळीची, चांगली तासलेली. आमच्या कारखान्यात शोभेल अशी सफाई होती.

आणि त्याच वेळी माझी नजर क्रशरकडे गेली. एक गडी वीज नाही ही संधी साधून क्रशरच्या जबड्यात कंबरेपर्यंत वाकला होता. अडकलेला दगड पहारीने सोडवत होता. पाचर असताना स्टार्टर सुटलेलाच नव्हता. वीज आली की क्रशर कोणाला न विचारता चालू होणार होता.

मी धावत जाऊन क्रशरच्या मेन स्विचचा दांडा खाली ओढला आणि त्या माणसावर ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. तो दचकून बाहेर आला आणि रागानेच माझ्याकडे बघू लागला. थोड्या वेळाने शेडमधला दिवा लागला. वीज आली होती. क्रशर गप्प उभा होता. मी खाटेवर जाऊन बसलो.

करमशीशेठ दिव्याकडे बघत होते, मग क्रशरकडे, मग माझ्याकडे.

"लाइट आला," ते म्हणाले. "मशीन का नाय चालू झाला?"

मी समजावलं. पाचर काढून त्यांच्या हातात दिली. गडी ऐकत होता. त्याच्या लक्षात आलं तेव्हा तो खाली बसला. शेठही क्षणभर गंभीर झाले, त्याला घरी जायला सांगितलं, मला ताक पाजलं. पण मी हात लावल्यापासून स्टार्टर ट्रिप होऊ लागला. पुढच्या आठवड्यात त्यांचा निरोप आला, नवीन तीन नकोत, आणि सामंतला परत पाठवू नका, तो चांगला माल बिघडवून जातो.

मी साहेबांसमोर उभा राहिलो.

"साहेब, त्यांचा स्टार्टर खपतो, कारण तो ट्रिप होत नाही."

"म्हणजे तो वाईट आहे."

"वाईट नाही. लोक त्याला वाईट करून घेतात. तशी सोय ठेवलीय."

"आणि म्हणून खपतो?"

"हो, साहेब."

साहेब खिडकीपाशी गेले. बाहेर दुसऱ्या पाळीचे लोक डबे घेऊन आत येत होते. माल पडून राहिला होता, आणि दुसरी पाळी बंद करावी लागेल अशी कुजबुज सगळ्या शेडमध्ये होती. त्या पाळीत आगरी होते, कोकणातले होते, कापडगिरण्यांतून निघालेले होते. बहुतेकांना साहेब नावाने ओळखत होते.

"मी स्टार्टर विकतो, सामंत," साहेब म्हणाले. "सील काढलं तर मी काय विकतोय? बटणं लावलेला डबा."

"मग नका काढू."

"आणि ह्यांना काय सांगू?" त्यांनी खिडकीबाहेर बोट केलं. "आपला माल चांगला आहे, म्हणून तुम्ही घरी बसा?"

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी ते स्वतः पॅकिंगच्या टेबलाशी आले, पक्कड मागून घेतली आणि पहिल्या पेटाऱ्याचं शिसं तोडलं. मग पक्कड पॅकरला देऊन निघून गेले. त्या दिवसापासून आमची चकती मोकळी झाली.

त्यानंतर नार्वेकर भेटला तो कुर्ल्यालाच, पोपटभाईच्या बाकड्यावर. मोठ्या खुशीत होता.

"अरे, आमच्या साहेबांका पटला!" तो म्हणाला. "आता आम्ही चकतीर सील लावतंव. अगदी तुमच्यासारख्या."

"आम्ही कालपासून काढलं."

"तुझ्या आवशीक!" एवढंच तो म्हणाला, आणि मग इतका हसला की पोपटभाई बाहेर आला.

आता काय झालं ते सांगतो. ट्रिप नको असलेली गिऱ्हाइकं अंधेरी सोडून आमच्याकडे आली. मोटर जळून शहाणी झालेली आम्हांला सोडून अंधेरीकडे गेली. दुसरी पहिल्यांपेक्षा कमी होती, त्यामुळे आमची चंगळ झाली. दुसरी पाळी जोरात चालली. म्हात्रेकाकूंचा अंधेरीचा पेटारा जुना झाला होता. त्यांनीही आमचा नवा घेतला. मी स्वतः मालाडला जाऊन चकती मोटरप्रमाणे लावून दिली आणि हात लावू नका म्हणून विनवलं. काकू "बरं बाबा" म्हणाल्या. मी कोपऱ्यावर वळेपर्यंत त्यांनी वायरमनला हाक मारली असणार.

आणि एका सकाळी त्या कारखान्याच्या फाटकात उभ्या राहिल्या. बरोबर गोणपाटात गुंडाळलेला स्टार्टर. मी गोणपाट सोडलं, तर पेटारा काळा पडला होता. ऐन गौरी-गणपतीत, गिऱ्हाइकांची रांग लागलेली असताना मोटर पेटली होती. पिठाच्या भुकटीने धग धरली, वरच्या झावळ्यांना झळ लागली. आळीतल्यांनी विहिरीचं पाणी मारून विझवलं. माणसाला इजा नाही. पण काकूंच्या मनगटावर फडकं बांधलेलं होतं आणि गिरणी बंद होती.

"साहेबाला भेटायचंय," त्या म्हणाल्या.

मी त्यांना केबिनमध्ये नेलं. बर्वेसाहेब उठून उभे राहिले. पेटारा टेबलावर ठेवला गेला. साहेबांचा चेहरा बघवत नव्हता. ते ऐकून घ्यायला तयार होऊन उभे होते.

"साहेब," काकू म्हणाल्या, "मला तुमचं नवल वाटतं. असा माल मी उभ्या जन्मात नाही बघितला."

"बाई, मी..."

"ऐका. मोटर जळली. ती मेली दळभद्रीच होती, मोटरवाल्याच्या घरी जाऊन त्याचं तेरावं घालून आलेय. छप्पर जळत आलं. पण हा?" त्यांनी काळ्या पेटाऱ्यावर थाप मारली. "हा शेवटपर्यंत सुटला नाही! आगीत उभा राहिला नि वीज देत राहिला. मला असाच द्या. नवीन मोटर घेतलीय."

साहेब खाली बसले. टेबलाकडे बघत त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मी त्यांच्याकडे काम केलं तेवढ्या काळात मालाची अशी तारीफ त्यांनी कधी ऐकली नव्हती, आणि पुढेही ऐकली नसावी.

मग ते उठून स्टोअरमध्ये गेले, नवा स्टार्टर घेऊन आले, मोटर केवढी आहे ते काकूंना विचारलं, चकती लावली, आणि जुनं सील मारायचं हत्यार शोधून स्वतःच्या हाताने शिसं दाबलं.

"हे घेऊन जा. याचं काही देऊ नका."

काकूंनी सीलकडे संशयाने बघितलं. "हा रुसणार?"

"रुसणार."

"मग नको. मी अंधेरीचा घेईन."

"काकू," मी म्हटलं, "अंधेरीवाले पण आता सील लावतात."

काकूंनी माझ्याकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं. "म्हणजे तुम्ही सगळ्यांनी संगनमत केलंत!" त्या म्हणाल्या. "एका बाईची गिरणी चालू नये म्हणून!"

साहेब शांतपणे म्हणाले, "चला, मीच बसवून देतो."

विलायतेहून आलेले बर्वेसाहेब टाय लावून मालाडच्या गिरणीत उभे राहिले, ते दृश्य आळीतल्या सगळ्यांनी येऊन बघितलं. स्टार्टर बसवला. काकूंनी मुद्दाम ओलसर गव्हाचा डबा घातला. थोड्याच वेळात खट्ट! मोटर बंद.

"बघा," काकू गिऱ्हाइकांना म्हणाल्या. "साहेबाच्या देखत!"

लोक हसले. साहेब धान्याच्या पोत्यावर बसून राहिले. घाई केली नाही. पट्टी निवेपर्यंत त्यांनी पट्टा हाताने ओढून बघितला, जातं फिरवून बघितलं. मग म्हणाले, "दगड फार घट्ट धरलेत. आणि हे बेअरिंग कोरडं आहे. सामंत, तेल." बाह्या वर सारून आम्ही दोघांनी दगड सैल केले, बेअरिंगला ग्रीस भरलं. पुन्हा चालू केलं. यावेळी गिरणी चालत राहिली. गहू संपला, बाजरी संपली, संध्याकाळचे डबे संपले. काकू अधूनमधून पेटाऱ्याकडे बघत होत्या, हा कधी दगा देतो म्हणून. त्याने दिला नाही. जाताना साहेबांच्या टायवर इतकं पीठ होतं की मूळ रंग सांगता आला नसता.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या सगळ्या स्टार्टरना पुन्हा सील लागलं. स्टार्टर ट्रिप झाल्याची तक्रार आली की माणूस पाठवायचा, आणि स्टार्टर नव्हे, यंत्र तपासायचं, असा नवा नियम निघाला. तो माणूस मी. निवृत्त होईपर्यंत मी तेच केलं.

या गोष्टीचं फळ गोड मिळालं असं लिहायला मला आवडलं असतं. पण दिवाळीनंतर दुसरी पाळी बंद झाली. सत्य सांगायची पाळी साहेबांवर आलीच. खिडकीत उभं राहून त्यांनी मला विचारलेलं वाक्य त्यांनी जवळजवळ तसंच फाटकात उभं राहून लोकांना सांगितलं. कोणी ओरडलं नाही. एक म्हातारा फिटर एवढंच म्हणाला, "साहेब, माल चांगला आहे, हे आम्हांला ठाऊकच आहे. आम्हीच केलाय." त्यांतल्या काहींना कुर्ल्याला नव्याने निघालेल्या एका कारखान्यात काम मिळालं. तो कारखाना मोकळ्या चकतीचे स्टार्टर करत होता आणि फार जोरात चालला होता. नार्वेकरला आणि मला आपापल्या साहेबांनी तिकडे "जरा बघून या" म्हणून पाठवलं, तेव्हा आम्ही खोटं बोलायच्या भानगडीत पडलो नाही. जुन्या लोकांनीच आम्हांला आत नेलं, चहा दिला आणि सगळं दाखवलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी, दुसऱ्या कामासाठी मालाडला गेलो होतो, तेव्हा सहज गिरणीत डोकावलो. काकूंचे केस आता पिठाशिवायही पांढरे झाले होते. गिरणी चालू होती. भिंतीवर साहेबांनी बसवलेला तोच पेटारा, शिशाच्या सीलसकट. कुठल्याशा कंपनीचा एक तरुण, नवा बुशकोट घातलेला, काकूंना विचारत उभा होता. मी लांब बसून ऐकलं.

"हा स्टार्टर कसा आहे, आजी?"

"हा? भंगार आहे," काकू म्हणाल्या. "जरा जास्त टाकलं की खट्ट. मग उठा, दगड बघा, तेल घाला, ह्याची मिजास सांभाळा. इतकी वर्षं हेच."

"मग बदलत का नाही?"

"गिरणी चाललीय ना, कशाला बदलू? आग लागल्यापासून एकदा पण बंद राहिलेली नाही." त्यांनी मोटरच्या पाठीवर मायेने हात ठेवला. "ही मोटर बघ. तिचं सोनं झालं. असली मोटर आता मिळायची नाही. हिच्यामुळे निभावलं, नाहीतर त्या पेटाऱ्याने मला कधीच बुडवलं असतं."

मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "काय रे सामंता, खरं की नाही?"

"खरं आहे, काकू," मी म्हणालो. "मोटर चांगलीच आहे."